मोटारीच्या रंगाची निगा : पॉलिश, पॅड आणि मेण

'पॉलिश' हा शब्द आपल्या भाषांत इतका रुळून गेला आहे की, तो दोन परस्परविरोधी क्रियांसाठी वापरला जातो हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बुटाला पॉलिश करताना त्यावर मेणाचा थर चढविला जातो; फरशीला पॉलिश करताना तिचाच वरचा भाग घासून काढला जातो. पहिल्या क्रियेत वस्तूवर भर पडते, दुसरीत तिच्यातून काही उणे होते. मोटारीच्या रंगाच्या बाबतीत या दोन्ही क्रिया एकाच नावाने ओळखल्या जातात आणि बहुतेक नुकसानाचे मूळ या सरमिसळीत असते. बंगळूरमधील जयचामराजेंद्र रस्ता, ज्याला सारे शहर जे. सी. रोड म्हणते, मोटारींच्या सुट्या भागांची व साजसामानाची जुनी बाजारपेठ आहे. तेथील दुकानात मांडलेल्या बाटल्यांपैकी कोणती बाटली रंग झिजविते आणि कोणती त्यावर आवरण घालते, एवढा भेद ज्याला कळला त्याची अर्धी निवड झाली असे समजावे.

झिजविण्याची क्रिया जपून का करावी, हे कळण्यासाठी प्रथम रंगाची जाडी लक्षात घेतली पाहिजे. आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर सामान्यतः चार थर असतात. सर्वांत खाली गंजप्रतिबंधक थर असतो. तो सगळा सांगाडा द्रावात बुडवून विजेच्या साहाय्याने बसविला जातो. त्यावर अस्तर, अस्तरावर प्रत्यक्ष रंगद्रव्याचा थर आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर. चारही थरांची एकत्रित जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वरच्या पारदर्शक थराच्या वाट्याला यांतील ३५ ते ५० मायक्रॉन येतात, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तुकतुकी दिसते ती या थराची. उन्हातील अतिनील किरणांना अडविणारी द्रव्येही याच थरात मिसळलेली असतात. पॉलिशने यातला जो अंश जातो तो परत येत नाही. भरड कंपाउंडाच्या एका हातात काही मायक्रॉन जातात, तर बारीक पॉलिशने एखाद्या मायक्रॉनहून कमी. दर दिवाळीला हौसेने 'रबिंग-पॉलिश' करून घेणाऱ्या मालकाने हा हिशेब एकदा तरी मांडून पाहावा.

'रबिंग'ची ही रूढी आली कोठून? तिचा जन्म निराळ्या रंगाच्या काळात झाला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोटारींना व्हार्निशासारखे रंग देत आणि ते वाळण्यास कित्येक दिवस, प्रसंगी आठवडे लागत. अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीने १९२३ मध्ये 'ड्यूको' नावाचा नायट्रोसेल्यूलोजचा रंग बाजारात आणला. जनरल मोटर्सच्या १९२४ च्या ओकलंड मोटारींवर तो वापरला गेला. हा रंग झपाट्याने वाळे, मात्र फवाऱ्यातून उतरताच तो मंद दिसे. चमक आणण्यासाठी तो घासावाच लागे. घासणे हा अशा रीतीने रंगकामाचाच एक भाग होता. शिवाय रंगद्रव्य त्या थरात वरपासून खालपर्यंत सारखेच भिनलेले असल्यामुळे, वरचा उडालेला भाग घासून काढला की खालून ताजा रंग वर येई. आपल्याकडील कारखान्यांत 'ड्यूको' हा शब्द अजून ऐकू येतो आणि त्याच्यासोबत आलेली घासण्याची सवयही टिकून आहे. रंग मात्र बदलला. १९८० नंतरच्या काळात पारदर्शक थराची पद्धत जगभर रूढ झाली. आता घासून खालचा ताजा रंग वर येत नाही, वरचे संरक्षण तेवढे पातळ होते. मोटार कोणत्या प्रकारची आहे हे पाहण्याची एक सोपी खूण आहे. पांढऱ्या फडक्यावर किंचित पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात हलक्या हाताने घासावे. फडक्याला मोटारीचा रंग लागला तर वर पारदर्शक थर नाही. लागला नाही तर बहुधा आहे.

घर्षणाने चकाकी आणण्याची याहून सौम्य रीत बंगळूरहून म्हैसूरला जाणाऱ्या रस्त्यावर, चन्नपट्टणला पाहावयास मिळते. तेथील कारागीर काळ्या कुड्याचे लाकूड चरकावर फिरवितात आणि त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवितात; घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते. मग केवड्याच्या जातीचे पान फिरत्या लाकडावर दाबून धरतात आणि पृष्ठभाग आरशासारखा होतो. सावंतवाडीच्या लाखकामाची ओळख असलेल्या मराठी वाचकाला ही कला परकी वाटणार नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, तेथे काही खरवडले जात नाही. उष्णतेने मऊ झालेली लाख पानाखाली सपाट होते. मोटारीचा भट्टीत पक्का झालेला रंग असा पुन्हा वितळून बसत नाही. त्यावरील चरा नाहीसा करावयाचा म्हणजे चऱ्याच्या तळापर्यंत भोवतालचा सगळा पृष्ठभाग खाली आणावयाचा. दुसरा मार्ग नाही.

आणि हे चरे येतात कोठून? पुष्कळसे मालकाच्या दारातच तयार होतात. बंगळूरच्या सदनिकांच्या वाहनतळावर पहाटे एक परिचित दृश्य दिसते : एक बादली, एक फडके आणि ओळीने उभ्या दहा-पंधरा मोटारी. पहिल्या मोटारीची धूळ फडक्यात येते, फडके बादलीत पिळले जाते, त्याच पाण्यात पुन्हा भिजते आणि दुसऱ्या मोटारीवर फिरते. धुळीत गारगोटीचे कण असतात. खनिजांच्या काठिण्याच्या दहा अंकी मापावर गारगोटीचा क्रमांक सातवा. तिच्यापुढे रंगाचा थर फारच मऊ. सायंकाळी दिव्याखाली उभ्या असलेल्या काळ्या मोटारीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी जी वर्तुळे दिसतात, ती या रोजच्या पुसण्याची नोंद होय. यात पुसणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ठरावीक वेळात, एका बादलीत काम उरकण्याची अट त्याच्यावर घातलेली असते. कोरडे फडके न मारणे आणि धूळ आधी पाण्याने भिजवून सैल करणे, एवढे पथ्य पाळले तर पॉलिशची गरजच निम्म्याने उणावते.

तरीही पॉलिश करावयाचे ठरल्यास निवडीचा नियम उलट्या क्रमाचा आहे : सर्वांत सौम्य द्रव्यापासून आरंभ करावा. बोनेटवर हातभर लांबी-रुंदीचा तुकडा आखून त्यावर बारीक पॉलिश मऊ पॅडने वापरून पाहावे. चरे गेले तर तेच साऱ्या मोटारीला पुरे. न गेले तर प्रथम पॅड थोडा कडक घ्यावा आणि तरीही भागले नाही तरच भरड द्रव्याकडे वळावे. बहुतेक दुकानांत याच्या नेमके विरुद्ध घडते, कारण भरड कंपाउंडाने काम लवकर उरकते. नख फिरविले असता जो चरा नखाला अडकतो, तो पॉलिशने घालविण्याचा आग्रह धरू नये; तो घालविण्याच्या नादात पारदर्शक थरच संपण्याचा धोका असतो.

पॉलिशमध्ये मुख्यतः अपघर्षक कण, वंगण आणि विद्रावक असतात. अपघर्षक म्हणून आज बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरतात. काठिण्यात ते गारगोटीच्याही पुढे, नवव्या क्रमांकाचे आहे. तरीही ते धुळीसारखे खोल ओरखडत नाही, कारण त्याचे कण एकसारखे व अतिशय सूक्ष्म असतात. काही पॉलिशमधील कण घासताना फुटून अधिकाधिक बारीक होत जातात. अशी पॉलिशे कण फुटेपर्यंत पुरेसा वेळ घासावी लागतात. खरेदीच्या वेळी सावध राहावे असा प्रकार वेगळाच आहे. काही पॉलिशांत तेले आणि भराव असतो; तो चऱ्यांत बसतो, पृष्ठभाग निर्मळ भासतो आणि दोन-चार धुण्यांत चरे पुन्हा डोके वर काढतात. याला सर्वस्वी फसवणूक म्हणता येणार नाही. पातळ झालेल्या रंगावर झिजविण्यापेक्षा झाकणे शहाणपणाचे ठरते. मात्र आपण झाकले आहे हे ठाऊक असले पाहिजे.

पॅडची निवड पॉलिशइतकीच महत्त्वाची असूनही तिच्याकडे दुर्लक्ष होते. तेच पॉलिश लोकरीच्या पॅडवर तीव्र आणि मऊ फोमवर सौम्य ठरते. लोकरीचा पॅड भराभर कापतो आणि मागे धुरकट रेषा ठेवतो. त्या पुन्हा फोमने काढाव्या लागतात. फोमचे पॅड कडक, मध्यम व मऊ असे मिळतात. त्यांचे रंग मात्र सर्व कंपन्यांत सारखे नसतात. एकाचा नारिंगी तो दुसऱ्याचाही मध्यमच, असे गृहीत धरू नये. यंत्रांतही दोन जाती आहेत. रोटरी यंत्र एकाच अक्षाभोवती गरगर फिरते. नवख्याच्या हातून ते एका जागी क्षणभर रेंगाळले तरी रंग तापून करपतो. दुहेरी गतीच्या यंत्रात पॅड फिरतो आणि त्याच वेळी डोलतो, त्यामुळे उष्णता एका बिंदूवर साचत नाही. घरी काम करणाऱ्याने हेच घ्यावे. दरवाजांच्या कडा आणि बोनेटच्या उंचवट्याच्या रेषा यांवर रंग आधीच पातळ असतो. तेथे यंत्र लावण्यापूर्वी कागदी चिकटपट्टी लावतात. ही मास्किंग टेप मुळात मोटारी रंगविणाऱ्यांसाठीच जन्माला आली : १९२५ मध्ये अमेरिकेतील थ्री-एम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी, दुरंगी मोटारी रंगविताना होणारी कारागिरांची अडचण पाहून ती तयार केली. त्या कंपनीच्या भारतीय शाखेचे मुख्यालय आज बंगळूरमध्येच आहे.

आता आवरणाकडे वळावयाचे. मेणांत श्रेष्ठ समजले जाणारे कार्नोबा मेण ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांपासून मिळते. कोरड्या ऋतूत पानातील पाणी उडून जाऊ नये म्हणून निसर्गानेच ते पानावर चढविलेले असते. पाने वाळवून व झोडपून ते काढतात. त्याचा वितळणबिंदू ८२ ते ८६ अंश सेल्सियस, तर मधमाश्यांच्या मेणाचा सुमारे ६३. उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या मोटारीचा टप साठ-सत्तर अंशांपर्यंत तापू शकतो. लाकडी सामानासाठी उत्तम असलेले मधमाश्यांचे मेण येथे का टिकत नाही, याचा उलगडा एवढ्यानेच व्हावा. अर्थात डबीतील मेण म्हणजे शुद्ध कार्नोबा नव्हे. लावता येण्याजोगे मऊ करण्यासाठी त्यात विद्रावके व इतर मेणे मिसळलेलीच असतात, त्यामुळे वेष्टनावरील टक्केवारीला फार महत्त्व देऊ नये. असे मेण काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकते. कृत्रिम बहुवारिकांचे लेप त्याहून अधिक, सुमारे सहा महिने.

सिलिकॉनच्या संयुगांपासून केलेली 'सिरॅमिक' आवरणे वर्ष-दोन वर्षे राहतात, पण ती लावण्यापूर्वी रंगावर जे चरे असतील ते आवरणाखाली तसेच बंदिस्त होतात. त्यांच्या जाहिरातीत '९ एच' काठिण्याचा गाजावाजा असतो. ते माप पेन्सिलींच्या काठिण्याचे आहे, खनिजांचे नव्हे. पेन्सिलीने न ओरखडणारे आवरण धुळीने ओरखडणारच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. 'टेफ्लॉन' नावाने विकल्या जाणाऱ्या लेपाबद्दलही सावध असावे. तव्यावर टेफ्लॉन बसविताना भट्टीचे प्रखर तापमान लागते, कारण त्याचा वितळणबिंदू सुमारे ३२७ अंश आहे. मोटारीवर फडक्याने चोळून ती क्रिया घडणे शक्य नाही.

आवरण नियमित हवे याला बंगळूरचे हवामान कारण आहे. येथील हवा सुखद असल्यामुळे ऊनही सौम्य असावे असा समज होतो. तो चुकीचा आहे. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवर आणि तेराव्या अक्षांशावर वसले आहे. एप्रिलच्या उत्तरार्धात आणि ऑगस्टच्या मध्यास सूर्य थेट डोक्यावर येतो. सावलीसाठी झाडाखाली जावे तर तेथे दुसरे संकट. लालबागचे अधीक्षक कृंबीगेल यांच्या काळापासून फुलझाडांनी नटलेल्या या रस्त्यांवर पाकळ्या, चिकट स्राव आणि पक्ष्यांची विष्ठा मोटारीवर साचते. विष्ठेतील यूरिक आम्ल तापलेल्या रंगाला डाग पाडते. ती दिसताच ओल्या फडक्याने भिजवून काढावी, वाळलेली खरवडू नये. विंधनविहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी कठीण असते. ते उन्हात वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. मेणाचा थर असला म्हणजे ही सारी आक्रमणे प्रथम मेणावर होतात.

पाण्याचा प्रश्न येथे केवळ डागांपुरता राहिलेला नाही. मार्च २०२४ मध्ये टंचाई तीव्र झाली तेव्हा शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास बंदी घातली, पाच हजार रुपये दंड ठरविला आणि त्याच महिन्यात २२ कुटुंबांकडून एक लाख दहा हजार रुपये वसूल केले. शंभरेक किलोमीटरवरून चढावर खेचून आणलेले कावेरीचे पाणी बोनेटवर ओतणे कोणालाही समर्थनीय वाटणार नाही. अशा वेळी मेणाचा आणखी एक उपयोग ध्यानात येतो : आवरण असलेल्या पृष्ठभागाला धूळ घट्ट चिकटत नाही आणि एका बादलीत काम भागते. पाण्यात मिसळावयाची वंगणयुक्त द्रव्येही मिळतात. ती वापरताना दोन-तीन मायक्रोफायबरची फडकी त्या पाण्यात भिजवून ठेवावीत, प्रत्येकाच्या घड्या पालटून एक घडी एकाच भागाला वापरावी आणि मळलेले फडके पुन्हा त्या बादलीत बुडवू नये. हा विधी साधा आहे, पण रोज पहाटे पुसणाऱ्यालाही तो समजावून सांगितला आणि पुरेशी फडकी दिली, तरच त्याचा उपयोग.

शेवटी वस्तू ठेवण्याविषयी. पॉलिशाचा पॅड आणि मेणाचा पॅड कधीही एक करू नये. मेणात अडकून राहिलेले अपघर्षक कण पुढच्या वेळी संरक्षणाच्या नावाखाली रंग झिजवितात. मेण काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर सांडल्यास पांढरा डाग धरते, म्हणून त्या आधी झाकाव्यात. काम सावलीत आणि पत्रा थंड असताना करावे. आणि हातातून पॅड किंवा फडके जमिनीवर पडले, तर ते झटकून पुन्हा वापरण्याचा मोह टाळून थेट धुण्यास टाकावे. वाहनतळाच्या फरशीवरील वाळूचा एकच कण दिवसभराचे काम फुकट घालविण्यास पुरेसा असतो.