सामाजिक पाहणीचा अहवाल

सामाजिक पाहणीचा अहवाल लिहूं लागलेला विद्यार्थी बहुधा आधीं मत ठरवितो व मग आंकडे शोधतो. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन यांच्या पिंपळे सौदागर गांवावरील १९१७ च्या ग्रंथांत क्रम उलट आहे: प्रथम जमीन व पिकें, मग माणसें व त्यांचें कर्ज, मत अखेरीस. दर खातेदारामागें सरासरी जमीन १७७१ मध्यें ४० एकर, १८१८ मध्यें साडेसतरा, १९१५ मध्यें अवघी ७! तेथें विशेषणांचें कामच उरत नाहीं. १९४७ सालीं मुंबई इलाख्यांत तुकडेबंदीचा कायदा झाला. चुकीच्या आंकड्याचा भुर्दंड पडतो तो अशा वेळीं शेतकऱ्यालाच.

परंतु हें गांव पुण्यानजीकचें. त्यावरून साऱ्या दख्खनचें अनुमान कसें काढावें? म्हणून मॅन यांनीं एन्. व्ही. कानिटकर यांच्यासह जातेगांव बुद्रुकची दुसरी पाहणी केली. ती १९२१ सालीं प्रसिद्ध झाली. तेव्हां गांव कां निवडलें, किती घरें पाहिलीं, कोणीं उत्तर नाकारलें, हें विद्यार्थ्यानें आरंभींच सांगावें. कर्जाची रक्कम सावकारादेखत विचारली कीं एकांतांत, हेंही लिहावें. उत्तर त्यानें बदलतें. कोऱ्या राहिलेल्या रकान्यांत अंदाज मात्र भरूं नये.