लिहिणाऱ्याला काम कोण देतं?

मुलांनो, शाळेत निबंध लिहिला की दहापैकी सात-आठ गुण मिळतात. पण त्या निबंधाचे कुणी पैसे दिले तर? सुतार पाट करून देतो, त्याची मजुरी घेतो. शिंपी सदरा शिवतो, त्याची शिलाई घेतो. मग लिहिणाऱ्याला त्याच्या कामाचे दाम मिळायला नकोत का?

मिळतात, बरं का! लेखनाच्या मोबदल्याला आपल्याकडे ‘मानधन’ असा छान शब्द आहे. मानही आणि धनही! कुठल्या कचेरीत नोकरी न करता आज या मासिकासाठी लेख, उद्या त्या प्रकाशकासाठी भाषांतर, परवा आकाशवाणीसाठी श्रुतिका, असं सुटं सुटं काम करणाऱ्याला ‘मुक्त लेखक’ म्हणतात. मुक्त म्हणजे मोकळा. पण मोकळ्या माणसाला काम स्वतःच शोधावं लागतं. आमच्या जानेफळसारख्या गावात बसून ते सापडतं का? आणि शोधता शोधता कुणी फसवलं तर? आज आपण हेच बघू. हा लेख आई-बाबांनाही वाचायला द्या. त्यांच्याही कामाचा आहे.

चार लिहिणारे एकत्र आले की...

तुम्हाला ‘सावड’ माहीत आहे ना? आज सगळे तुझ्या वावरात, उद्या सगळे माझ्या वावरात. एकट्याला जे काम आठ दिवसांत होत नाही, ते सावडीनं एका दिवसात होतं. लिहिणारेही असं करतात.

पुण्यात १९२३ साली काही कवी एकत्र आले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे अशी ती मंडळी. आपल्या मंडळाला त्यांनी नाव दिलं ‘रविकिरण मंडळ’. एकमेकांना कविता वाचून दाखवायच्या, चुकलं तर चुकलं म्हणायचं, बरं झालं तर पाठ थोपटायची. पुढे त्यांनी आपले कवितासंग्रहही काढले. एकट्याचा आवाज लहान असतो. पाच जणांचा लांबवर जातो.

दुसरी जागा म्हणजे दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळीचा खास अंक काढला. तो मराठीतला पहिला दिवाळी अंक मानतात. तेव्हापासून दर दिवाळीला संपादकांना नवे लेख, नव्या कथा लागतात. म्हणजे दर वर्षी कुणीतरी लिहिणाऱ्याच्या शोधात असतंच!

आणि आपला फास्टर फेणे? त्याला जन्म देणारे भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांनी आयुष्यभर मुलांसाठी लिहिलं. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. १९५१ साली त्यांनी ‘बालमित्र’ नावाचं मासिक काढलं. ते पुढे बंद पडलं, पण भागवतांचं लिहिणं थांबलं नाही. मासिक बंद पडतं, लेखणी बंद पडत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा.

मेहकरचा कवी, अमडापूरचा कादंबरीकार

“हे सगळे पुण्या-मुंबईचे, गुरुजी. आपल्याकडचं कोण?” असा प्रश्न वर्गात हमखास येतो. तर ऐका.

आमचा तालुका मेहकर. तिथे ना. घ. देशपांडे नावाचे कवी राहत होते. व्यवसायाने वकील. ते १९०९ साली जन्मले आणि २००० साली गेले. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली, तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि मेहकरच्या कवीचे शब्द महाराष्ट्रभर घरोघरी ऐकू येऊ लागले. तेव्हा ना मोबाइल होता, ना इंटरनेट. पुढे १९८६ साली त्यांच्या ‘खूणगाठी’ या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

शेजारच्या चिखली तालुक्यातलं अमडापूर म्हणजे सदानंद देशमुखांचं गाव. शेतकऱ्याच्या घरातली ओढाताण त्यांनी ‘बारोमास’ या कादंबरीत लिहिली. तिला २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांनी लिहिलेली माती कुठली? आपलीच!

या दोघांत एक गोष्ट सारखी आहे. देशपांडे वकिली करत होते, देशमुख महाविद्यालयात शिकवत होते. मराठीत बहुतेक लेखकांचं असंच असतं. पोटासाठी एक काम आणि जोडीला लेखन. त्यात कमीपणा काही नाही. उलट पोट भरलेलं असलं की लेखक निर्धास्त लिहितो.

आता मंडळ भरतं मोबाइलवर

पूर्वी लेख पाकिटात घालून टपालात टाकायचा आणि महिनाभर वाट पाहायची. आता लेखक, भाषांतरकार, संपादक यांचे गट इंटरनेटवर असतात. कुणी तिथे लिहितं, “इंग्रजीतून मराठीत दोन हजार शब्द करून हवेत. चार दिवसांत. कोण करेल?” मेहकरातला माणूसही हात वर करू शकतो आणि न्यू जर्सीतलाही.

हे शक्य झालं त्यामागे एक गंमत आहे. पूर्वी संगणकावर मराठी टंकलेखन करायचं तर प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा. एकाने टाइप केलेलं दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की कखगऐवजी भलतीच चिन्हं दिसायची! मग जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी ‘युनिकोड’ नावाची एकच पद्धत आली. तिची पहिली आवृत्ती १९९१ सालची. तिच्यात आपल्या देवनागरीला १२८ घरं दिली आहेत. ‘क’ला ठरलेला एक क्रमांक, ‘ख’ला दुसरा. म्हणून आज जानेफळात लिहिलेला ‘क’ जगात कुठेही ‘क’च दिसतो.

पण काम मिळतं कुणाला? जो गटात येऊन “मला काम द्या, मला काम द्या” असा घोशा लावतो, त्याला? नाही. गावात घर बांधायचं असलं तर तुमचे बाबा कोणत्या गवंड्याला बोलावतात? ज्याची भिंत त्यांनी पाहिली आहे त्याला. लिहिणाऱ्याचंही तसंच. ज्याच्याकडे दाखवायला दोन-चार चांगले लेख तयार आहेत, जो दुसऱ्याच्या अडलेल्या शब्दाला मदत करतो, जो चार दिवस म्हणून चौथ्या दिवशी काम देतो, त्याचं नाव लोक आपणहून सुचवतात.

एका घरात काय झालं?

आता थोडं गंभीर होऊ. आमच्या परिसरातल्या एका घरातली ही हकिकत. नाव-गाव सांगत नाही.

घरात सतरा वर्षांची मुलगी. अक्षर मोत्यासारखं, वाचनाची आवड. तिच्या मोबाइलवर निरोप आला, ‘घरबसल्या लेखनकाम. रोज दहा पानं. महिना पंधरा हजार.’ मुलगी हरखली. वडिलांना वाटलं, पोरीच्या शिक्षणाची सोय झाली. काम देणाऱ्यांनी आधी नोंदणीचे दीड हजार मागितले. सोयाबीनच्या बियाण्यासाठी राखून ठेवलेल्या पैशातून वडिलांनी ते भरले. मग आधार कार्डाचा फोटो मागितला. तोही पाठवला. एका कागदावर सही मागितली. मुलीने ती केली.

मुलीने आठ दिवस रात्री जागून पानं उतरवली. नवव्या दिवशी उत्तर आलं, “तुमच्या कामात चुका जास्त आहेत. करार मोडला. सात हजार दंड भरा, नाहीतर कोर्टात खेचू.” सोबत वकिलाच्या नावाची नोटीस! घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही. मुलगी कुणाशी बोलेना. तिला वाटे, आपल्यामुळे बाबांना कोर्टाची पायरी चढावी लागणार.

ती नोटीस घेऊन वडील शाळेत आले. आम्ही सगळे कागद एकत्र केले. १९३० या क्रमांकावर फोन केला. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करायचा हा देशभराचा सरकारी क्रमांक आहे. मग पोलीस ठाण्यात गेलो. आणखी एक गोष्ट वडिलांना समजावून सांगितली. १८७२च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाने किंवा मुलीने केलेला करार कायद्याने चालत नाही. मग त्या कागदाचा धाक कसला? वडिलांनी दंडाचा एक रुपयाही भरला नाही. धमकीचे फोन हळूहळू बंद झाले. दीड हजार मात्र परत आले नाहीत.

मुलीने काही गुन्हा केला होता का? मुळीच नाही. तिने मनापासून काम केलं होतं. खोटं समोरच्याने केलं. म्हणून मुलांनो, असं काही झालं तर लपवू नका. आणि पालकांनो, आधी ओरडू नका. मूल घाबरून गप्प बसलं, तर फसवणाऱ्याचंच फावतं.

खरं काम कसं ओळखायचं?

पाच खुणा सांगतो. वहीत उतरवून घ्या.

१. खरं काम देणारा पैसे देतो, मागत नाही. नोंदणी, अनामत, प्रशिक्षण, कुठल्याही नावाने आधी पैसे मागितले की तिथेच थांबा.

२. काम काय, किती शब्द, कधी द्यायचं आणि मानधन किती व कधी मिळणार, हे आधी लिहून मिळालं पाहिजे. तोंडी नको.

३. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. आधार किंवा बँकेचे कागद मोठ्यांना विचारल्याशिवाय पाठवायचे नाहीत.

४. ‘नमुना’ म्हणून एखादा परिच्छेद मागणं ठीक. पण नमुन्याच्या नावाखाली आख्खं पुस्तक फुकट लिहून मागत असेल, तर हात जोडून नाही म्हणायचं.

५. गटातल्या जुन्या माणसांना विचारायचं, “यांच्याकडे कुणी काम केलंय का? पैसे वेळेवर मिळाले का?” मंडळाचा खरा उपयोग इथेच होतो.

आणि एक हक्काची गोष्ट. तुम्ही स्वतः लिहिलेली कविता कुणाची? तुमचीच! १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिणारा हा आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. तो दुसऱ्याला द्यायचा असेल तर लेखी आणि सही करूनच देता येतो. किती वर्षांसाठी दिला हे लिहिलं नसेल, तर कायदा पाच वर्षं धरतो. म्हणून सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचायची. बाबा शेताच्या कागदावर सही करण्याआधी वाचतात ना, तसं.

जरा हिशेब करू

समजा, शब्दाला एक रुपया ठरला आणि हजार शब्दांचा लेख लिहिला. किती झाले? हजार रुपये. “एका लेखाला हजार!” असं वाटेल. पण थांबा. माहिती वाचायला तीन तास, लिहायला चार तास, तपासायला एक तास. झाले आठ तास. हजार भागिले आठ? तासाला सव्वाशे. त्यातून मोबाइलचं रिचार्ज आणि विजेचं बिल वजा करा. शिवाय असा लेख रोज मिळेलच असं नाही. दिवाळीच्या आधी काम ढिगाने, नंतर सामसूम. शेतीसारखंच आहे हे. सुगीत जपून ठेवलं, तरच पुढे निभतं.

आता तर संगणकही क्षणात निबंध लिहून देतो. मग माणसाला कोण विचारणार? ज्याने स्वतः पाहून लिहिलंय, त्याला विचारणार. यंत्राने जानेफळचा आठवडी बाजार पाहिलेला नाही. पहिल्या पावसानंतर आजीच्या डोळ्यांत काय दिसलं, ते त्याला माहीत नाही. ते तुम्हालाच माहीत आहे.

तुम्ही आज काय कराल?

पैशासाठी लिहिण्याची घाई अठरा वर्षांआधी नको. त्या आधी हात तयार करा. वर्गातल्या चौघा-पाच जणांनी मिळून ‘हस्तलिखित’ काढा. एकाने गोष्ट लिहावी, एकाने कोडी करावीत, चित्रकाराने मुखपृष्ठ रंगवावं. कोणीतरी संपादक व्हा आणि मित्राच्या चुका खोडा. ज्याच्या चुका खोडल्या त्याने रुसायचं नाही, ही पहिली अट! शाळेत भित्तिपत्रक लावा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ सालापासून निघतं. ते वाचा, आणि लेखन जमलं असं वाटलं की आई-बाबांना सांगून तिथे पाठवा.

परत आलं तर? पुन्हा लिहा. संपादकाने लेख परत केला म्हणजे त्याने निदान तो वाचला तरी!

आणि हो, हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर ज्यांनी ज्यांनी काम केलं त्या सगळ्यांची नावं लिहायला विसरू नका. पाने शिवणाऱ्याचंसुद्धा. मानधनातलं धन नंतर येईल. मान द्यायला आजपासूनच शिकू या.