तुरुंग तोच, राजवट निराळी

सोलमधला सोदेमुन तुरुंग जपान्यांनी ऑक्टोबर १९०८ मध्ये उघडला, म्हणजे कोरिया अधिकृतपणे गिळंकृत करण्याच्या दोन वर्षं आधीच. १९४५ मध्ये जपान हरला तोवरची ३७ वर्षं तो त्यांच्या हातात होता. त्यानंतरची ४२ वर्षं, १९८७ पर्यंत, तो चालूच राहिला. त्यातली पहिली तीन अमेरिकी लष्करी अंमलाची, बाकीची स्वतंत्र दक्षिण कोरियाची. १९९८ मध्ये तिथे संग्रहालय झालं, ते मात्र मुख्यतः पहिल्या ३७ वर्षांचं. लाल विटांच्या बराकी, तळघरातल्या छळाच्या खोल्या आणि फाशीघर पाहून येणारी शाळकरी मुलं जपानी क्रौर्याची कथा घेऊन घरी जातात. ती कथा खरी आहे. पण ती १९४५ला संपवली की या वास्तूची निम्मी साक्ष न ऐकताच राहते, आणि माझ्या मते तीच निम्मी अधिक मोलाची आहे.

आधी जपानी काळाचा पुरावा पाहू, कारण तो भक्कम आहे. सुरुवातीला हा तुरुंग जेमतेम ५०० कैद्यांसाठी होता; १ मार्च १९१९च्या स्वातंत्र्य आंदोलनानंतर त्यात सुमारे ३००० माणसं कोंबली गेली. मध्यवर्ती चौकीपासून तीन बराकी पंख्यासारख्या फाकलेल्या, म्हणजे एका जागी उभा राहिलेला पहारेकरी तिन्ही बोळांवर नजर ठेवू शकतो. व्यायामाचं अंगणही तसंच उभ्या भिंतींनी कापलेलं, कैद्याला शेजाऱ्याशी चकार शब्द बोलता येऊ नये म्हणून. (अंदमानचं सेल्युलर जेल १९०६ मध्ये पूर्ण झालं, तिथले सात पंख आणि मधला मनोरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रचना समजावून सांगायला नको.) तळघरात छळाची दृश्यं पुतळ्यांनी उभी केली आहेत. ती मला दुय्यम वाटतात. पुतळा बनवणाऱ्यावर शंका घेता येते. खरा पुरावा भिंतीभर लावलेल्या कैद्यांच्या कार्डांत आहे. पोलिसांनीच काढलेले फोटो, पोलिसांनीच भरलेला तपशील. अशी सहा हजारांहून अधिक कार्डं उरली आहेत. त्यांत यू ग्वान-सून या मुलीचं कार्ड आहे, फोटोत चेहरा सुजलेला. आउने बाजारातल्या निदर्शनांत तिचे आईवडील मारले गेले, ती पकडली गेली. आंदोलनाच्या पहिल्या वर्षदिनी तिने कोठडीतूनच घोषणा दिल्या आणि २८ सप्टेंबर १९२० रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, ती याच तुरुंगात मेली. सरकारी दप्तर सरकारविरुद्धच बोलतं, तेव्हा इतिहासकाराला पुतळ्यांची गरज उरत नाही.

आता चो बोंग-आम यांचं उदाहरण घ्या. १९१९च्या आंदोलनात भाग घेतला म्हणून जपान्यांनी त्यांना वर्षभर सोदेमुनमध्ये ठेवलं. स्वातंत्र्यानंतर ते देशाचे पहिले कृषिमंत्री झाले, १९५६ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्याविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि वीस लाखांवर मतं मिळवली. तीन वर्षांनी, ३१ जुलै १९५९ रोजी, हेरगिरीच्या आरोपाखाली त्यांना सोदेमुनमध्येच फाशी दिलं गेलं, जपान्यांनी १९२३ मध्ये बांधलेल्या लाकडी फाशीघरात. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. या माणसाला कोणत्या दालनात बसवायचं? ९ एप्रिल १९७५ला पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत आठ जणांना इथेच फासावर चढवलं, अपील फेटाळलं गेल्याला पुरता एक दिवसही झाला नव्हता. २००७ मध्ये तेही निर्दोष ठरले. वास्तूइतकाच कायदाही वारशाने आला: १९४८चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा १९२५च्या जपानी ‘शांतता रक्षण’ कायद्याच्या वळणावर बेतलेला होता, आणि तो आजही अमलात आहे.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. परकीय सत्तेने अख्खं राष्ट्र दडपणं आणि स्वकीय सरकारने विरोधक दडपणं एका तराजूत घातलं, तर साम्राज्याचा गुन्हा हलका होतो; आणि जपानमध्ये अशा सबबीची वाट पाहणारे लोक आहेतच. भीती रास्त आहे, निष्कर्ष मात्र उलटा निघतो. वसाहतवाल्यांनी उभारलेलं यंत्र त्यांच्यामागे आणखी ४२ वर्षं माणसं गिळत राहिलं, यातून त्यांचा दोष वाढतो. दुसरा आक्षेप असा की उत्तर कोरियाशी युद्ध झालं होतं आणि हेर खरोखरच होते. होतेच. म्हणून तर मी चळवळ्यांच्या म्हणण्यावर विसंबत नाही. त्याच देशाच्या न्यायालयांनी फेरसुनावणी करून दिलेल्या निकालांवर विसंबतो. गुंतागुंतीची नावंही आहेत, हे कबूल. पार्क यांना गोळ्या घालणारे किम जे-ग्यू १९८०च्या मे महिन्यात इथेच फाशी गेले. त्यांना हुतात्मा म्हणावं की खुनी, यावर कोरियात आजही एकमत नाही, आणि संग्रहालयाने ते करून द्यावं अशी अपेक्षाही नाही. त्यांचं नाव आणि तारीख लिहायला मात्र एकमत लागत नाही.

लोकशाही चळवळीतल्या कैद्यांना अलीकडे इथे थोडी जागा मिळाली आहे, पण ती पुरवणीसारखी वाटते. २०१५ मध्ये जपानचे माजी पंतप्रधान युकिओ हातोयामा यांनी इथल्या हुतात्मा स्मारकापुढे गुडघे टेकले. ही झाली जपानची बाजू; कोरियाने आपल्या बाजूचा हिशेब न्यायालयात बराचसा चुकता केला आहे, संग्रहालयात तो अजून बाकी आहे. हुतात्मा स्मारकावर स्वातंत्र्यसैनिकांची नावं कोरलेली आहेत. फाशीघराजवळ दुसरी यादी लावावी, तारीखवार, १९४५ला न थांबणारी, प्रत्येक नावापुढे नंतरच्या न्यायनिर्णयासह. १९७५च्या आठ नावांपासून सुरुवात करता येईल. त्यांचे निकाल हाताशी आहेत.