वऱ्हाडातील यात्रा, महामारी आणि पर्यटनाचे धोरण

'पर्यटन' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे अजिंठा-वेरूळ, महाबळेश्वर, कोकणचा किनारा किंवा फार तर आपले चिखलदरा उभे राहते. पर्यटक म्हणजे हॉटेलात उतरणारा, फोटो काढणारा सुखवस्तू माणूस अशी आपली समजूत असते. वास्तविक पाहता वऱ्हाडातला शेतकरी आणि शेतमजूर पिढ्यान्‌पिढ्या पर्यटन करीत आला आहे. तो फक्त त्याला पर्यटन म्हणत नाही, यात्रा म्हणतो. कपाशीची वेचणी होऊन हाती चार पैसे आले की तो बायकापोरांसह बहिरमला जातो, पौषातल्या रविवारी ऋणमोचनला पूर्णेत स्नान करतो, महाशिवरात्रीला सालबर्डीचा डोंगर चढतो आणि श्रावणात अकोल्याच्या राजराजेश्वराची कावड पाहायला रस्त्याच्या कडेला उभा राहतो. अलीकडे विद्वान ज्याला सांस्कृतिक पर्यटन म्हणतात, ते याहून वेगळे काय असते?

या विषयात 'शाश्वत' किंवा 'टिकाऊ' हे विशेषण आता वारंवार वापरले जाते. त्याचा अर्थ अवघड नाही. ज्या स्थळासाठी आणि ज्या परंपरेसाठी लोक येतात ती झिजू नये, आणि तिच्यावर पोट असणारी माणसेही झिजू नयेत. यातला पहिला अर्धा भाग सगळे बोलतात. दुसऱ्या भागाचे काय होते, हे कोरोनाच्या साथीने दाखवून दिले.

बहिरमचेच उदाहरण घेऊ. परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूर बाजार तालुक्यात ही यात्रा भरते. डिसेंबरच्या वीस तारखेच्या सुमारास सुरू होते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते. एवढी लांब यात्रा आपल्या भागात दुसरी क्वचितच असेल. देवाच्या दर्शनाइतकेच लोक इथल्या हंडीसाठी येतात. मातीच्या हंडीत चुलीवर शिजवलेले मटण आणि रोडगे खाण्यासाठी मंडळी राहुट्या भाड्याने घेऊन मुक्कामच ठोकतात. (मटण न खाणाऱ्यांसाठी हंडीतली वांग्याची भाजी असते. ती कमी चवीची असते असे कोणी समजू नये.)

आता या एका हंडीमागे किती घरे चालतात ते पाहा. हंडी घडवणारा कुंभार, सरपण विकणारा, राहुट्या ठोकणारा, मसाल्याची पुडी विकणारी बाई, पाणी भरणारा, भांडी घासणारी. शिवाय आकाशपाळणेवाले, बांगड्यावाल्या, खेळणीवाले. पर्यटक हॉटेलात उतरला तर त्याचा पैसा बव्हंशी एकाच गल्ल्यात पडतो. यात्रेत तोच पैसा शंभर हातांत थोडाथोडा जातो. अर्थशास्त्राच्या तासाला आपण विकेंद्रीकरण शिकतो, त्याचे याहून जिवंत उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात १८९७ चा साथरोग अधिनियम लागू झाला. हा कायदा प्लेगच्या काळातला आहे. साथ आली की जत्रा थांबवायच्या ही रीत नवी नव्हे, आणि ती चूकही नव्हती. पंढरपुरात पटकीने पूर्वी किती माणसे नेली हे वारकऱ्यांना सांगावे लागत नाही. मंदिरे बंद झाली ती १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली; दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेच्या दिवशी परत उघडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर राज्यात इतरत्र व्यवहार सुरू असताना अमरावती आणि अचलपूर शहरांत टाळेबंदी लागली. २०२० च्या डिसेंबरात बहिरमच्या माळावर राहुट्या उभ्या राहिल्या नाहीत. कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी, जिची परंपरा १५९४ पासूनची सांगतात, ती २०२१ मध्ये दहा मानाच्या पालख्यांपैकी एक म्हणून एस.टी. बसने पंढरपूरला गेली. गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी आणण्याचा अकोल्याचा कावड सोहळाही मोजक्या माणसांत उरकला. परंपरा या रीतीने जिवंत राहिली. देवाचे झाले, पण दुकानदाराचे काय?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्राने १ जून २०२० रोजी पथविक्रेत्यांसाठी 'स्वनिधी' योजना आणली आणि सुरुवातीस १०,००० रुपयांचे खेळते भांडवल देऊ केले. राज्याने एप्रिल २०२१ मध्ये नोंदणीकृत फेरीवाल्यांना १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यांची संख्या सुमारे ५ लाख होती. लोककलावंतांसाठीही पुढे ५,००० रुपये मंजूर झाले. परंतु यातली मेख 'नोंदणीकृत' या एका शब्दात आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा शहरांसाठी आहे. शहराच्या हद्दीत माल विकणारा तो पथविक्रेता. जो डिसेंबरात बहिरमला, पौषात ऋणमोचनला, शिवरात्रीला सालबर्डीला आणि रामनवमीला शेगावला दुकान मांडतो, तो कोणत्या गावचा? २०२५ मध्ये स्वनिधीचे पहिले कर्ज १५,००० रुपये झाले आणि व्याप्ती शहरांलगतच्या भागापर्यंत वाढवण्याचे ठरले. तरी माळावर महिनाभर वसून उठून जाणारे गाव तिच्यात कसे बसवणार, हा प्रश्न राहतोच.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. माझे वडील रेवड्या-फुटाण्यांचे दुकान घेऊन हीच फेरी वर्षानुवर्षे करतात, आणि त्याच गल्ल्यातून माझी फी भरली जाते. टाळेबंदीत ते एका कार्यालयात मदतीची चौकशी करायला गेले, तेव्हा त्यांना दुकानाचा पत्ता विचारण्यात आला. घरी येऊन ते एवढेच म्हणाले, "दुकान आपलं डोक्शावर, अन् सायब इचारते पत्ता!" त्या वर्षी ते दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेले. घरातले पितळेचे मोठे पातेले गेले, ते अजून परत आलेले नाही.

साथीच्या काळात आणि नंतर पर्यटनाची धोरणे मात्र एकामागून एक आली. २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे, २०२१ मध्ये कॅराव्हॅनचे आणि साहसी पर्यटनाचे. हॉटेल व्यवसायाला उद्योगाचा दर्जा मिळाला, म्हणजे वीज आणि कर उद्योगाच्या दराने. २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत १ लाख कोटींची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार यांचे उद्दिष्ट आहे. धोरण वाईट नाही. पण गुंतवणूकदारासाठी सवलत असते आणि यात्रेला कोणी गुंतवणूकदार नसतो.

यात्रेचे दोषही झाकू नयेत. प्लॅस्टिकच्या पिशव्या, उघड्यावरची घाण, पाण्याची ओरड, बायकांची कुचंबणा हे सर्व आपण पाहतो. याच दोषांवर आपल्या जिल्ह्यातल्या एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी उपाय शोधला होता. शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा यात्रेत जात ते हातात खराटा घेऊन. दिवसा झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांची कानउघाडणी करायची. ऋणमोचनला त्यांनी घाट बांधला, पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या. मंदिर मात्र बांधत बसले नाहीत. ज्याला आज पर्यटनाच्या पायाभूत सुविधा म्हणतात त्या हेच नव्हेत काय? आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांची ही बाजू अभ्यासक्रमात कुठे आहे, हा प्रश्न मी प्राध्यापकवर्गापुढे नम्रपणे ठेवतो.

मर्यादा घालून पर्यटन चालवता येते, हे अकोल्याकडच्या नरनाळा किल्ल्यावर दिसते. किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात असल्याने शहानूरच्या फाटकावर नोंद करून, शुल्क भरूनच आत जाता येते. नोंद आहे म्हणून गर्दी किती झाली ते कळते. यात्रेच्या बाबतीत नेमकी हीच पहिली पायरी घातलेली नाही. तीर्थक्षेत्रांना 'अ', 'ब', 'क' वर्ग देताना भाविकांची डोकी मोजतात, विक्रेत्यांची मोजत नाहीत. ग्रामपंचायतीला यात्रेकरूंवर कर बसवण्याचा अधिकार १९५८ च्या कायद्यात आहे. जागेचे भाडे घेताना पावतीवर विक्रेत्याचे नाव, गाव आणि धंदा लिहिला, तीच पावती जिल्ह्यात सर्वत्र ओळखपत्र म्हणून धरली आणि वसुलीतला थोडा वाटा साथ-दुष्काळासाठी वेगळा ठेवला, तर नवा कायदाही लागणार नाही.

तोपर्यंत आपण निदान मोजणी तरी करू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर बहुधा हिवाळ्यातच असते आणि बहिरमची यात्राही तेव्हाच. वीस विद्यार्थी, चार दिवस, एक वही. रकाने एवढेच: नाव, गाव, माल, वर्षात किती यात्रा, जागेचे भाडे किती, २०२० साली काय केले.