साडेसतरा वर्षांत एक सेकंद

ऊर्ध्वपातित पाण्यात दोन तारा सोडल्या तर बल्ब पेटत नाही. पाण्यात मीठ टाकलं की लख्ख पेटतो. व्हिनेगरमध्ये नुसता मिणमिणतो. पाठ्यपुस्तक यावरून विद्युत अपघटनी पदार्थांची ‘तीव्र’ आणि ‘सौम्य’ अशी वाटणी करून मोकळं होतं. पण या दोन शब्दांमधलं अंतर मोजायला बसलं की डोकं गरगरतं.

पाण्याचा एकच थेंब घ्या. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर त्यात रेणू किती? कोटी गुणिले कोटी गुणिले कोटी, म्हणजे १ वर २१ शून्यं, आणि त्याच्याही दीडपटीहून जास्त. मात्र २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यातल्या सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एकच फुटून त्याचे हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन, म्हणजे वीज वाहून नेणारे भारित कण, झालेले असतात. हाच हिशेब भारताच्या लोकसंख्येला लावला, तर अख्ख्या देशातून दोन-तीन माणसं निघतील. तरी थेंबात वस्ती एवढी दाट, की त्यात हायड्रोजनचे आयन भरतात ३ लाख कोटी!

आता त्या थेंबात मिठाचा एक दाणा टाका, बाजू जेमतेम ०.३ मिलिमीटरची. विरघळताना मीठ हातचं काही राखत नाही. दाण्यातून सुटे होणारे सोडियमचे आयन ६ वर १७ शून्यं इतके, क्लोराइडचेही तितकेच. थेंबातल्या मूळच्या हायड्रोजन आयनांच्या ते दोन लाख पट झाले.

व्हिनेगर या दोघांच्या मधलं. ५ टक्क्यांच्या साध्या व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्लाच्या सुमारे २१५ रेणूंमागे एक फुटलेला सापडतो. तेवढ्याच संहतीच्या हायड्रोक्लोरिक आम्लात जवळजवळ २१५ च्या २१५ फुटलेले असतात.

द्रावणातल्या आयनांच्या या कल्पनेची सुरुवात स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८४ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाला दिलेल्या प्रबंधातून झाली. परीक्षकांनी त्यांना कसंबसं पास केलं. १९०३ साली याच सिद्धान्तासाठी त्यांना नोबेल मिळालं.

पण ५५ कोटींतला तो फुटलेला एक रेणू कायम तोच असतो का? नाही, पाळी प्रत्येकावर येते. जर्मनीचे मानफ्रेड आयगेन यांनी १९५० च्या दशकात अतिवेगवान अभिक्रिया मोजण्याची पद्धत शोधली आणि १९६७ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. त्या मोजमापांतून दिसलं ते असं: पाण्याचा रेणू सरासरी ११ तास अभंग राहतो, मग फुटतो. सुटलेले आयन ७० मायक्रोसेकंदांच्या आसपास कुणाशी तरी जुळून पुन्हा पाणी होतात. ११ तासांना ७० मायक्रोसेकंदांनी भागा. उत्तर पुन्हा ५५ कोटींच्याच घरात येतं!

म्हणजे ‘किती रेणू फुटले’ हा प्रश्न खरं तर ‘रेणू किती वेळ फुटलेला असतो’ असाही विचारता येतो. माणसाच्या घड्याळात बसवायचं तर पाण्याचा रेणू साडेसतरा वर्षांत एक सेकंद फुटलेला असतो, व्हिनेगरमधल्या आम्लाचा साडेतीन मिनिटांत एक सेकंद, आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा जवळपास सदासर्वकाळ.

‘सौम्य’ म्हणजे सुस्त, हा समज मात्र इथे गळून पडतो. ॲसेटिक आम्लाचा एक रेणू सेकंदाला सुमारे ८ लाख वेळा फुटतो. फुटायला तो कचरत नाही, पण फुटला की क्षणात जुळतो. आणि शुद्ध पाणी? बल्ब न पेटवणाऱ्या त्या एका थेंबात दर सेकंदाला ४ वर १६ शून्यं इतके रेणू फुटतात. तेवढेच पुन्हा जुळतात.