साखरेला साबणाचा वास का येतो?

लॅव्हेंडरची साखर म्हटली की आपल्याकडे एक शेरा ठरलेला: ‘शी, साबण खाल्ल्यासारखं वाटतं.’ हा आक्षेप उडवून लावता येत नाही, कारण पुष्कळदा तो खराच असतो. चूक होते ती दोष झाडाच्या माथी मारण्यात. लॅव्हेंडर या एकाच नावाने दोन वेगळ्या गोष्टी बाजारात येतात. एक ‘लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया’. जम्मूतल्या भदरवाहच्या डोंगरउतारांवर मक्याच्या जागी जे लावलं गेलं, ते हेच. दुसरं लॅव्हेंडिन, म्हणजे संकरित झाड. त्याचं तेल भरपूर निघतं, स्वस्त पडतं, म्हणून साबणात आणि कपड्यांच्या पावडरीत सहसा तेच जातं. त्यात कापूर बऱ्याचदा 6 ते 8 टक्के असतो. पहिल्याच्या तेलात जेमतेम एखादा टक्का, अनेकदा त्याहूनही कमी. जिभेला साबण आठवतो तेव्हा ती बिचारी खोटं बोलत नसते.

पण योग्य जातीच्या कळ्या आणूनही साखर कडवट होते, आणि त्याचं कारण ‘जास्त फुलं, जास्त स्वाद’ ही समजूत. सुगंध जांभळ्या पाकळीत फारसा नसतोच. तो पाकळीखालच्या लवदार पेल्यावरच्या सूक्ष्म तेलग्रंथींत असतो. हे तेल उडतं आणि बंद बरणीत साखरेच्या दाण्यांवर बसतं. वेलदोड्याची सालं साखरेच्या डब्यात टाकून ठेवतात, तीच ही युक्ती. म्हणून 200 ग्रॅम साखरेला चहाचा एक चमचा वाळलेल्या कळ्या, आठवडाभर घट्ट झाकण, मधूनमधून बरणी हलवणं आणि मग चाळणी, एवढं पुरतं. कळ्या मिक्सरमधून काढल्या तर कडवटपणाही साखरेत उतरतो. ताजी फुलं घालून गुलकंदासारखं करू पाहणाऱ्यांचंही फसतं: गुलकंदात पाकळ्यांचं पाणी सुटायला हवंच असतं, इथे त्याच पाण्याने साखरेचे खडे होतात. आणि साखर जांभळी होत नाही. दुकानातली झाली असेल, तर रंगाची बाटली शोधा.

‘या साखरेने झोप छान लागते’ हा दावा मात्र हिशेबापुढे टिकत नाही. चमचाभर कळ्या म्हणजे सुमारे एक ग्रॅम. त्यात तेल एक ते तीन टक्के, म्हणजे फार तर 30 मिलिग्रॅम. ते सगळं साखरेत उतरलं असं धरलं, तरी चार ग्रॅमच्या चमच्यात एक मिलिग्रॅमही येत नाही. जर्मनीत अस्वस्थतेवर मिळणाऱ्या कॅप्सूलमध्ये 80 मिलिग्रॅम असतं. तेवढ्यासाठी 80हून जास्त चमचे साखर खावी लागेल! मग अत्तराच्या तेलाचे थेंबच घालावेत का? अजिबात नको, ती बाटली खाण्यासाठी भरलेली नसते. कपाटात ठेवायच्या पुरचुंडीतल्या कळ्याही तशाच. खाण्यायोग्य असं स्पष्ट लिहिलेल्याच घ्याव्यात.

वापर साधाच आहे. आलं-वेलचीच्या चहात ही साखर हरवते. लिंबाच्या सरबतात खुलते, आणि नानकटाई भट्टीतून निघून निवत असताना वरून भुरभुरली तर वास टिकतो.