डिस्प्ले गेला म्हणजे एसी गेला?

गंगाखेडात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड तर ७० अंशांपर्यंत तापतो. जुन्या गाडीत क्लायमेट कंट्रोलचे आकडे पुसट व्हायला लागतात, ते बहुधा अशाच दिवसांत. मग सल्ल्यांना तोटा नसतो.

गैरसमज : आकडे दिसत नाहीत, म्हणजे गॅस संपला.
वस्तुस्थिती : गॅसचा आणि स्क्रीनचा काही संबंध नाही. स्क्रीनवरचे २४ हे गाडीच्या आतले तापमान नसून आपण मागितलेले तापमान असते. गार हवा नीट येत असेल, तर गॅस भरणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

गैरसमज : आख्खे पॅनेल बदलावेच लागते.
वस्तुस्थिती : आधी लक्षण बघा. टॉर्चच्या उजेडात आकडे दिसत असतील, तर मागचा बल्ब किंवा एलईडी गेला आहे. आकड्यांच्या काही रेघाच गायब असतील, तर डिस्प्लेची काच आणि सर्किट बोर्ड यांच्यातला जोड सैल झाला आहे. काळा डाग पसरला असेल, तर मात्र काचच गेली. बटणेही बंद असतील, तर पहिल्यांदा फ्यूज तपासा.

गैरसमज : उन्हाने सोल्डर वितळते.
वस्तुस्थिती : शिसे-कथलाचे नेहमीचे सोल्डर १८३ अंशांना वितळते, गाडी तितकी कधीच तापत नाही. रोज तापून-निवून सांध्याला बारीक तडा जातो. कारागीर त्यालाच ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात.

गैरसमज : काच आणि बोर्ड जोडणाऱ्या रिबनवर सोल्डरिंग गन टेकवली की काम झाले.
वस्तुस्थिती : काचेला चिकटलेली रिबन बहुधा सोल्डर केलेली नसते, वीजवाहक गोंदाने, उष्णता आणि दाब देऊन बसवलेली असते. गनचे उघडे टोक लागले की प्लास्टिक जळते. जिथे रिबनऐवजी रबरी झेब्रा पट्टी असते, तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकी सफाई करून स्क्रू सारखे आवळले तरी बरेचदा भागते.

गैरसमज : १२ व्होल्टला काय भ्यायचे?
वस्तुस्थिती : झटका बसत नाही, पण शॉर्ट झाले तर वायरिंग जळू शकते. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. एअरबॅगची वायर, जी बहुधा पिवळ्या कनेक्टरची असते, तिला हात लावू नका.

गैरसमज : भंगारातले कुठलेही पॅनेल चालते.
वस्तुस्थिती : पार्ट नंबर जुळलाच पाहिजे. काही गाड्यांत नवे पॅनेल बसवल्यावर स्कॅनरने कोडिंगही करावे लागते.

थोडक्यात, फ्यूज, सहज निघणारा बल्ब आणि सफाई घरी करा. रिबन आणि काच जाणकाराच्या हाती द्या. गाडी वॉरंटीत असेल, तर पॅनेल उघडूच नका.